नस, नीला आणि भ्रांतिमान अलंकार

पदवीच्या वर्गात अलंकार शिकवताना भ्रांतिमानापाशी आलो की वर्ग हमखास हसतो. उपमेयाच्या जागी उपमानच आहे असा भ्रम होणे आणि त्या भ्रमाला अनुसरून एखादी कृती घडणे, ही त्याची व्याख्या. तिचा पहिला अर्धा भाग रूपकाच्या शेजारचा आहे. दुसरा अर्धा त्याला वेगळे करतो. मुख म्हणजे कमळच, असे कवीने म्हटल्याने काही बिघडत नाही. भुंगा खरोखरच येऊन मुखावर बसतो तेव्हा भ्रांतिमान होतो. वर्ग हसतो तो या भुंग्याला. आम्हांला मात्र गेली काही वर्षे हे उदाहरण पूर्वीच्या मोकळेपणाने सांगता येत नाही. त्याचे कारण एकलहऱ्यात आहे.

एकलहरे हे नाशिकरोडजवळचे, गोदावरीकाठचे गाव. १९७० च्या सुमारास येथे औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले आणि गावाचे नाव त्या केंद्राचेच नाव होऊन बसले. आमच्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीचे वडील या केंद्रात आयुष्यभर नोकरीला होते. यांत्रिकी विभागात, कंडेन्सरच्या देखभालीवर. कंडेन्सर म्हणजे काय हे त्यांनीच आम्हांला एकदा समजावून सांगितले होते. टर्बाइन फिरवून झालेली वाफ पुन्हा पाणी व्हावी म्हणून ती हजारो बारीक नळ्यांच्या जुडग्यावर सोडतात. नळ्यांच्या आतून थंड पाणी वाहत असते. नळ्यांत गाळ, शेवाळ, क्षार साठले की वाफ नीट निवत नाही, पाठीमागचा दाब वाढतो आणि दूर टर्बाइनवर त्याचा परिणाम दिसतो. बिघाड एकीकडे, लक्षण दुसरीकडे. “ट्यूब चोक झाली की सगळं युनिट आजारी पडतं,” हे त्यांचे वाक्य. मग संच बंद करायचा, नळ्या साफ करायच्या, आणि संच पुन्हा पहिल्यासारखा चालतो. तीस वर्षे त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले होते.

२०१० मध्ये त्यांच्या मुलीला, म्हणजे आमच्या विद्यार्थिनीला, मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. आधी एका डोळ्याने अंधुक दिसू लागले, ते आपोआप बरे झाले. काही महिन्यांनी पायांत मुंग्या आणि चालताना तोल जाणे. नाशिकच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय पाहून आजार समजावून सांगितला तो असा : मज्जातंतूंवर मायेलिनचे आवरण असते, विजेच्या तारेवर रबराचे असते तसे; शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा चुकून त्या आवरणावर हल्ला करते; आवरण गेले की संदेश नीट पोहोचत नाहीत. तार आणि रबर. हेही रूपकच, आणि तेही वीज केंद्रातलेच. पण ते विद्युत विभागाचे रूपक होते. वडील यांत्रिकी विभागाचे. वर्षभरात त्यांना त्यांच्या विभागाचे रूपक सापडले.

ते रूपक इटलीतून आले होते. फेरारा विद्यापीठातील पाओलो झांबोनी हे रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक, विशेषतः पायांतील नीलांच्या विकारांचे अभ्यासक. त्यांच्या पत्नीला १९९५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे निष्पन्न झाले. पायांच्या नीलांतून रक्त नीट वर चढले नाही तर ते साचते, त्यातील लोह भोवतालच्या ऊतींत झिरपते, तिथे दाह होतो, जखमा होतात, हे त्यांच्या नित्याच्या पाहण्यातले. मेंदूतही असेच होत असेल का? २००६ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात हा विचार मांडला, आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी केवळ साधर्म्य सुचवीत असल्याचे म्हटले होते. साहित्याच्या भाषेत बोलायचे तर ही उपमा होती. ‘सारखे’, ‘प्रमाणे’, ‘जणू’ हे शब्द अजून जागेवर होते.

२००९ मध्ये ते गळाले. मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या गळ्यातील जुग्युलर आणि छातीतील अझायगस या नीला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांमध्ये अरुंद झालेल्या असतात, असे झांबोनींनी प्रसिद्ध केले. ६५ रुग्ण आणि २३५ इतर व्यक्ती यांची सोनोग्राफीच्या साहाय्याने केलेली तपासणी त्यांनी मांडली आणि तिच्यात रुग्ण व निरोगी यांची विभागणी शंभर टक्के झाली होती. एकही अपवाद नाही. ज्यांनी कधी एखाद्या कवीच्या सर्व कविता एका सूत्रात बसविण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना ठाऊक असते की सूत्र जेव्हा शंभर टक्के बसते तेव्हा पहिला संशय सूत्रावर घ्यावा. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ६५ रुग्णांच्या या नीला फुग्याने रुंद केल्याचा आणि अनेकांना बरे वाटल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. उपचार झाला आहे हे रुग्णालाही ठाऊक होते आणि डॉक्टरलाही.

आणि या उपचाराला नाव मिळाले ‘लिबरेशन’. मुक्ती! नोव्हेंबर २००९ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर यासंबंधीचा कार्यक्रम झाला आणि काही आठवड्यांत हा शब्द जगभर गेला. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत प्रभावी औषध हा शब्दच होता. ‘नीलाविस्फारण’ असे काही नाव असते तर इतके लोक विमानात बसले असते का, असा प्रश्न पडतो. शिवाय कथा पाहा. पत्नीच्या असाध्य आजाराचे कारण शोधायला निघालेला पती, त्याला ते स्वतःच्याच विद्येत सापडते आणि ज्ञानी मंडळी त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. आपल्याकडे सत्यवानासाठी सावित्री यमाच्या मागे गेली. इथे भूमिका उलटल्या एवढेच. अशा कथेपुढे ‘तुलनेचा गट नव्हता’ हे वाक्य किती दुबळे ठरते ते वेगळे सांगायला नको. झांबोनींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही. उलट कथेचा नायक प्रामाणिक असल्यामुळेच ती इतकी पसरली.

मात्र ही कल्पना झांबोनींना शून्यातून सुचलेली नव्हती, आणि हा इतिहासच आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटतो. १८६३ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रिंडफ्लाइश यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतील व्रण पाहताना नोंदविले की व्रणाच्या मध्यभागी बहुधा एक रक्तवाहिनी असते. पाच वर्षांनी, १८६८ मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी या आजाराला स्वतंत्र ओळख दिली. मेंदूत व मज्जारज्जूत विखुरलेले कठीण झालेले डाग, असे ते नाव. रक्तवाहिनी मात्र प्रत्येक पिढीच्या सूक्ष्मदर्शकात पुन्हा पुन्हा दिसत राहिली. १९३० च्या दशकात अमेरिकेत ट्रेसी पटनम यांनी कुत्र्यांच्या मेंदूतील नीला बंद करून पाहिल्या, त्यांना आवरणाची हानी झालेली आढळली, आणि नीलांत रक्ताच्या गुठळ्या होऊन हा आजार होतो असे त्यांनी मांडले. १९४० च्या दशकात त्यांनी रुग्णांना रक्त न गोठू देणारी औषधेही दिली. त्यातून काही हाती लागले नाही. हेच पटनम अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाच्या शोधातील एक भागीदार, तेव्हा त्यांना कोणी भोळसट म्हणू नये. एकाच माणसाचे एक अनुमान आजही लाखोंच्या उपयोगी पडते आणि दुसरे तळटीपेत जाते. दोन्ही वेळी त्याची विचार करण्याची रीत तीच असते.

म्हणजे नीला तिथे होतीच. ती कोणालाही दिसत होती. प्रश्न होता तो तिच्या असण्याचा अर्थ काय लावायचा याचा. वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही अडचण परिचित आहे : संहितेत प्रतिमा आहे हे निर्विवाद, वाद तिच्या अन्वयाचा.

आणि इथे आमच्या भाषेने आमची वाट आणखी निसरडी केली. मराठीत ‘नस’ हा शब्द पाहा. ‘नस कापली’ म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. ‘कमरेची नस दबली’ म्हणतो तेव्हा मज्जातंतू. ‘दुखरी नस’ हा तर मनाचा अवयव. ‘शीर’ही तशीच. हातावर टम्म फुगते ती शीर आणि मानेत आखडते तीही शीर. ही सरमिसळ अज्ञानातून आलेली नाही, तिला प्रदीर्घ परंपरा आहे. सुश्रुताने शरीरात सातशे सिरा सांगितल्या, त्या नाभीपासून निघतात असे मानले, आणि त्यांची चार भागांत वाटणी केली : वात, पित्त, कफ आणि रक्त वाहणाऱ्या, प्रत्येकी पावणेदोनशे. ज्या सिरेतून रक्त जाते तिच्याच भावकीतल्या सिरेतून हालचालीचा कारक वातही जातो. बागेला पाटांनी आणि शेताला कालव्यांनी पाणी मिळावे तसे शरीर सिरांनी पोसले जाते, ही सुश्रुताचीच उपमा. शिरावेध म्हणजे सिरा फोडून रक्त काढणे, हे त्याने शल्यतंत्रातील निम्म्या चिकित्सेइतके महत्त्वाचे मानले. नाशिकच्या परिसरात द्राक्षबागांच्या पाटाला पाणी आले नाही तर काय होते हे शाळकरी पोरालाही कळते. तेव्हा पाट तुंबल्यामुळे बाग सुकली, ही मांडणी येथे कोणाला पटणार नाही?

एका इंग्रज किंवा इटालियन रुग्णाला ‘रक्तवाहिनीतल्या दोषामुळे मज्जातंतूचा आजार’ हे एक अनुमान वाटले असेल. मराठी माणसाला ते अनुमान वाटतच नाही. नस बिघडली म्हणून नसांचा आजार झाला, यात सिद्ध करायचे ते काय उरले? पुराव्याचे काम व्याकरणाने आधीच करून टाकलेले असते. शालेय पुस्तकांनी रोहिणी, नीला, चेतातंतू असे शब्द वेगळे केले खरे, पण ते परीक्षेनंतर घरी कोणी नेत नाही.

आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी २०११ च्या सुरुवातीला भविष्यनिर्वाह निधीतील मोठी रक्कम काढली. त्या वर्षांत कॅनडातून रुग्ण पोलंड, मेक्सिको, कोस्टारिका अशा देशांत जात होते, तसे भारतातही येत होते. खासगी रुग्णालये परदेशी रुग्णांसाठी मुक्कामासह सोय करीत होती. परदेशातले लोक इथे येतात म्हणजे उपचार खरा असणार, हा तर्क आमच्याकडे अगदी सहज केला जातो आणि त्यांनीही तो केला. नाशिकच्या डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला होता. आम्हांला विचारले तेव्हा आम्ही, आता लिहायला संकोच वाटतो, ‘करून पाहायला काय हरकत आहे’ असे म्हणालो. संशोधनपद्धती हा विषय आम्ही त्या वर्षी एम.फिल.च्या विद्यार्थ्यांना शिकवीत होतो.

परराज्यातील एका रुग्णालयात फुगा घालून तिच्या गळ्यातील नीला रुंद करण्यात आली. ती परतली तेव्हा तिचे पाय उबदार होते, थकवा कमी होता, ती महाविद्यालयाचे दोन जिने कठड्याला हात न लावता चढली. आम्ही सर्वांनी ते पाहिले. साडेतीन महिन्यांनी थकवा परतला. सातव्या महिन्यात उजवा पाय जड झाला आणि एमआरआयमध्ये नवे डाग दिसले. वडील म्हणाले, “ट्यूब पुन्हा चोक झाली असणार.” यातही तथ्य नव्हते असे नाही, झांबोनींच्या स्वतःच्या २००९ च्या वृत्तान्तात जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गळ्यातील नीला पुन्हा अरुंद झालेल्या होत्या. पण रूपकाची हीच तर खुबी आहे. बरे वाटले तर नळी मोकळी झाली, बरे वाटले नाही तर ती पुन्हा तुंबली. दोन्ही वेळी नळीच.

सुसान सोन्टाग यांनी १९७८ मध्ये आजाराच्या रूपकांवर जे पुस्तक लिहिले ते मराठीच्या वर्गांतही बऱ्यापैकी वाचले जाते. क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती समाजाने रचलेल्या प्रतिमा रुग्णाला कशा छळतात हा त्यांचा विषय. त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे, पण ते इथे अपुरे पडते. झांबोनींचे रूपक रुग्णाला कलंकित करीत नव्हते, ते त्याला आशा देत होते. आणि ते समाजाने वैद्यकावर लादलेले नव्हते, वैद्यकाच्या आतच जन्मले होते. तार आणि रबर हेही तसेच जन्मले आहे. वैद्यकाला रूपकाशिवाय विचार करता येत नाही, जसा आपल्यालाही येत नाही. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. रूपकाला अनुसरून कृती करण्याआधी त्याला उलटतपासणीला उभे करायचे की नाही, एवढाच काय तो प्रश्न.

उलटतपासणी झाली, आणि ती चांगली झाली. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कॅनडातील अँथनी ट्रॅबूल्सी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी रुग्ण, रुग्णांची निरोगी भावंडे आणि नात्याबाहेरचे निरोगी लोक अशा तिन्ही गटांच्या नीला थेट नळी घालून, कोण कोणत्या गटातला हे तपासणाऱ्याला न कळू देता पाहिल्या. मोठी नीला निम्म्याहून अधिक अरुंद असणे हे रुग्णांमध्ये ७४ टक्के, भावंडांमध्ये ६६ टक्के आणि इतरांमध्ये ७० टक्के आढळले. म्हणजे अरुंद नीला ही बहुतेकांची साधी ठेवण आहे. नळी ताठ असते, तिचा व्यास ठरलेला असतो. नीला मऊ असते, मान वळवली, बसलो, आडवे झालो, श्वास घेतला की तिचा आकार बदलतो, आणि एक वाट आवळली तर रक्त दुसऱ्या वाटेने जाते. कंडेन्सरचे उपमान येथेच तुटते. त्याआधी मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारानंतर मृत्यू, पक्षाघात, जागेवरून सरकलेल्या स्टेंट अशा घटना घडल्याचा जाहीर इशारा दिला होता.

आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो स्वतः झांबोनींचा प्रयोग. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी ११५ रुग्णांना दोन गटांत विभागले. ७६ जणांच्या नीला फुग्याने रुंद केल्या, ३९ जणांवर सारे सोपस्कार झाले पण फुगा फुगवला नाही. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वर्षभरानंतर दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही, आणि मल्टिपल स्क्लेरोसिससाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असा निष्कर्ष झांबोनी व सहकाऱ्यांनी स्वतःच्या सहीने छापला. कॅनडातही १०४ रुग्णांवरील प्रयोगाने त्याच वर्षी तेच सांगितले. मराठीत स्वतःचाच सिद्धान्त स्वतः तपासून मोडीत काढल्याची उदाहरणे आम्ही आठवू लागलो; राजवाड्यांच्या व्युत्पत्तींपासून सुरुवात केली आणि यादी काही लांबली नाही.

या प्रयोगाचे वृत्त आम्हीच तिला पाठविले. ती तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवीत होती. तिने विचारले, “सर, मग मी ते जिने चढले ते खोटं होतं का?”

या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हांला बराच वेळ लागला, आणि तो इतिहासाचाच प्रश्न आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस बहुतेकांत सुरुवातीला भरती-ओहोटीसारखा वागतो. हल्ला येतो, ओसरतो. हल्ल्याच्या काळात केलेल्या कोणत्याही उपचारामागून ओहोटी येण्याची शक्यता मोठी. शिवाय आशेचा, विश्रांतीचा, कोणीतरी आपल्यासाठी एवढे केले या जाणिवेचा देहावर परिणाम होतो. फुगा न फुगवलेल्या गटातील माणसांनाही बरे वाटतेच. जिने ती चढली होती. नीलेमुळे चढली नव्हती. हे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली की हे तिला दोन वर्षांपूर्वीच कळले होते, आमच्या तोंडून ऐकायचे होते, कारण ‘काय हरकत आहे’ हेही आमच्याच तोंडून ऐकले होते.

महाराष्ट्राचा या आजाराच्या इतिहासाशी असलेला खरा संबंध वेगळ्याच दिशेने आला आहे, आणि तो कमी नाट्यमय असल्यामुळे फारसा कोणाला ठाऊक नाही. भारतात हा आजार अत्यंत दुर्मीळ, लाखामागे एक-दीड, असे मानले जात होते तेव्हा मुंबईच्या पारशी समाजात तो लाखामागे सुमारे २६ इतका आढळतो हे भरुचा यांच्या १९८८ च्या पाहणीने दाखविले. नोशिर वाडिया यांनीही मुंबई-पुण्याच्या पारशांचा अभ्यास करून १९९० मध्ये याला दुजोरा दिला. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या दोन समाजांत एवढी तफावत का, हा प्रश्न वंशपरंपरा आणि परिसर यांच्या गुंत्याकडे नेतो. स्वतः हा आजार असलेल्या रेहमत फझलभॉय यांनी १९८५ मध्ये मुंबईत रुग्णांची संस्था उभी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा नावानिशी समावेश झाला. आणि २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातील सुमारे एक कोटी लोकांच्या नोंदींवरून दिसून आले की एप्स्टाइन-बार या अगदी सामान्य विषाणूच्या संसर्गानंतर या आजाराची शक्यता सुमारे ३२ पटींनी वाढते. पण हा विषाणू जवळजवळ सर्वांनाच होऊन जातो आणि आजार मोजक्यांनाच होतो, तेव्हा इथेही एक नळी, एक अडथळा अशी सोपी कथा हाती येत नाही.

आणि रिंडफ्लाइश यांची ती रक्तवाहिनी? ती आता शक्तिमान एमआरआयमध्ये जिवंत माणसाच्या मेंदूत दिसते. व्रणाच्या मध्यावरची बारीक नीला हे आता या आजाराचे निदान पक्के करण्याचे एक चिन्ह झाले आहे. संरक्षक पेशी रक्तातून मेंदूत उतरतात त्या याच बारीक नीलांच्या भिंतींतून, म्हणून व्रण त्यांच्याभोवती होतात. रिंडफ्लाइश यांनी पाहिले ते बरोबरच होते. नीला ही तुंबलेली मोरी नव्हती, ती दाराची जागा होती. (हेही रूपकच आहे, याची आम्हांला जाणीव आहे.)

तिला आता सहा महिन्यांतून एकदा रिटुक्सिमॅबचे सलाइन लागते. हे औषध मूळचे रक्ताच्या कर्करोगासाठीचे. भारतीय कंपन्यांनी ते स्वस्त केल्यामुळे आपल्याकडे या आजारातही पुष्कळ वापरले जाते. २०१४ नंतर तिला मोठा हल्ला आलेला नाही. काठी लागते. वडील ऐंशीच्या घरात आहेत; सलाइनच्या दिवशी एकलहऱ्याहून तिच्याबरोबर रिक्षाने येतात आणि बाटली रिकामी होईपर्यंत खाटेशेजारी बसून राहतात. मागच्या खेपेला आम्हीही गेलो होतो. थेंब पडण्याचा वेग मंदावला तसे ते उठले, नळीला कुठे पीळ पडला आहे का ते बोटांनी चाचपून पाहिले, पीळ सोडवला आणि परत येऊन बसले.